सही खरी की मशीनची?

प्रश्न: मला सह्या जमवायचा नाद आहे. एका खेळाडूला पत्र पाठवलं होतं, त्याचा सही केलेला फोटो पोस्टाने आलाय. ही सही खरी आहे का कसं ओळखू? आणि फोटो लॅमिनेट करून टाकू का?

उत्तर: लॅमिनेशन आधी डोक्यातून काढा, ते प्लास्टिक परत निघत नाही आणि सही कायमची अडकते. आता सही. भिंग घ्या, फोटो उजेडात तिरका धरा, पेनाची शाई वेगळी चमकते पण छापलेली सही बाकी फोटोत मिसळून गेलेली दिसते. खरी गोची ऑटोपेनची, म्हणजे खरं पेन धरून सही करणारं मशीन, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या ऑफिसातही होतं ते, शाई खरीच असते त्यामुळे भलेभले फसतात. रेषेची जाडी अगदी एकसारखी असेल, सुरुवातीला-शेवटी शाईचा ठिपका असेल तर शंका घ्या, आणि त्याच खेळाडूची दुसऱ्या कुणाकडची सही त्यावर तंतोतंत बसली तर विषयच संपला, माणसाच्या दोन सह्या अशा जुळत नाहीत हो. खेळाडूच्या सेक्रेटरीने त्याच्या नावाने केलेली सही ओळखणं मात्र महाकठीण. बाकी फोटो उन्हापासून लांब, अ‍ॅसिड-फ्री (आम्ल नसलेल्या कागदाच्या) फोल्डरमध्ये ठेवा, आणि सोबतचं पाकीट अजिबात फेकू नका, त्यावरचा पोस्टाचा शिक्का कामाला येतो.