तिची शोकांतिका करू नकोस

प्रिय दोस्ता,
अनेक आशीर्वाद.

हॉलिवुडच्या चित्रपटांत गर्दीत उभी राहणारी ‘एक्स्ट्रा’ नटी बेस फ्लॉवर्स, तिच्यावरच्या तुझ्या लेखाचा मसुदा वाचला. मेहनत दिसते. पण पहिल्या ओळीपासून तिची कीव सुरू होते, ती काही मला पटली नाही. 1923च्या मूकपटांपासून 1960च्या दशकापर्यंत जिला काम मिळत राहिलं, तिला अपयशी नटी कशाच्या जोरावर म्हणायचं? मूकपटातले कितीतरी बडे नट बोलपट येताच घरी बसले. ही मात्र सेटवरच होती.

तिच्याकडे पोटापाण्याचं काम करणारी बाई म्हणून बघ. 1925मध्ये हॉलिवुडच्या स्टुडिओंनी मिळून सेंट्रल कास्टिंग, म्हणजे एक्स्ट्रांना काम वाटणारी कचेरी, काढली, कारण त्याआधी गर्दीत उभं राहणाऱ्यांच्या तुटपुंज्या मजुरीतही दलाल हात मारत. दलाली थांबली, पण काम थोडं आणि माणसं हजारो. रोज फोन करायचा आणि बहुतेकदा ‘नंतर बघा’ ऐकून ठेवून द्यायचा. अशा रांगेत बेसला पुढे आणलं ते तिच्या कपाटाने. ऐतिहासिक पोशाख स्टुडिओ पुरवी. आधुनिक मेजवानीच्या प्रसंगाला मात्र पायघोळ गाऊन, हातमोजे, फर हे सगळं कलाकाराने घरून आणायचं. ज्यांच्याकडे ते असे ते ‘ड्रेस एक्स्ट्रा’, आणि त्यांची मजुरीही जास्त. बेस उंच, ताठ, नीटनेटकी. खानदानी पाहुणी म्हणून कुठेही शोभावी अशी. गाऊनवर घातलेला पैसा हे तिचं भांडवल होतं. तू ते एका वाक्यात उरकलंयस. मला विचारशील तर लेख तिथेच आहे.

आता पडद्यावर बघ. नायक-नायिकेकडे दुर्लक्ष कर आणि मागचं टेबल बघ. बोलपटात तिथल्यांनी गप्पा रंगल्यासारखे ओठ हलवायचे, पण हूं की चूं करायचं नाही. कॅमेरा दुसऱ्या कोनात गेला की पेला त्याच हातात, मान तशीच वळलेली हवी. आणि फार लक्षात राहूनही चालत नाही! चेहरा ठळक दिसला की त्याच चित्रपटातल्या पुढच्या प्रसंगात घ्यायची पंचाईत, म्हणजे तेवढे दिवस रोजी बुडाली. नट होऊ पाहणाऱ्या कुणालाही हे उलटंच वाटेल.

आकड्यांबाबत जपून. आठशेहून जास्त चित्रपट असं सर्रास लिहिलं जातं. श्रेयनामावलीत नाव बहुतेक ठिकाणी नाहीच. चेहरे ओळखून ओळखून याद्या वाढल्यात. म्हणून तुझ्या डोळ्यांनी दिसली तेवढीच उदाहरणं दे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालेल्या पाच चित्रपटांत ती आहे. ‘ऑल अबाउट ईव्ह’पासून सुरुवात कर, त्यातला पुरस्कार समारंभ बघ. लॉरेल-हार्डीच्या 1928च्या ‘वी फॉ डाउन’मध्ये तर ती लॉरेलची बायको आहे, चांगली भूमिका आहे. तुझ्या लेखात त्याचा पत्ताच नाही.

आणखी एक राहिलं. 1940च्या दशकात एक्स्ट्रा कलाकारांची वेगळी संघटना, स्क्रीन एक्स्ट्राज गिल्ड, उभी राहिली, तेव्हा तिच्या संस्थापकांत बेस होती. हा भाग शेवटच्या परिच्छेदातून उचलून मध्यावर आण आणि थोडा वाढव. वृद्धाश्रमाचं वर्णन निम्म्यावर आणलंस तरी चालेल. दुसरा खर्डा झाला की पाठव, घाई नाही.

तुझा,
काका