वाचकांचे प्रश्न : श्रीनगरची धावपट्टी आणि फ्लाइंग ऑफिसर सेखों

प्रश्न : १४ डिसेंबर १९७१ रोजी निर्मलजीतसिंग सेखों यांनी बॉम्ब पडत असताना श्रीनगरहून उड्डाण केलं. ते सज्जतेच्या ड्यूटीवर होते, तर हल्ल्याआधीच वर का गेले नाहीत? आणि त्या वेळी खंदकात शिरणं शहाणपणाचं नव्हतं का?

उत्तर : उशीर झाला तो धुळीमुळे. आधी सुटलेल्या विमानाने धुळीचे लोट उठवले आणि पुढचं दिसेपर्यंत सेखों यांना थांबावं लागलं. धावपट्टी उड्डाणाजोगी होईतो पाकिस्तानची सहा सेबर लढाऊ विमानं डोक्यावर आली होती.

खंदकात गेले असते तर कोणी बोट दाखवलं नसतं. लढाऊ विमान सर्वांत असहाय असतं ते धावपट्टीवर धावताना. दिशा एकच, त्यामुळे वरच्याला नेम धरणं सोपं. तोफा आहेत, पण नाक जमिनीला समांतर, म्हणजे त्या निरुपयोगी. चाकं सुटल्यावरही लगेच झपकन वळता येत नाही. वेग पुरेसा नसताना जोरात वळलं की पंखांची उचल संपते आणि विमान कोसळतं. सेखों यांच्या नॅट या छोट्या लढाऊ विमानात चाकांची झाकणंच हवेतल्या ब्रेकचं काम करत. चाकं आत जाईपर्यंत वेग धरायलाही अडथळा. ही सगळी सेकंदं सेखों यांनी हल्लेखोरांच्या नजरेसमोर काढली आणि वर जाताच सेबरच्या एका जोडीच्या मागे लागले. आमच्या मते पुढच्या झुंजीपेक्षाही हे उड्डाण अधिक अवघड होतं.

प्रश्न : एवढंसं नॅट सेबरपुढे टिकलं कसं?

उत्तर : एवढंसं होतं म्हणूनच. पंखांचा विस्तार जेमतेम पावणेसात मीटर, सेबरचा अकराच्या पुढे. समोरून किंवा मागून नॅट चटकन दिसतच नसे. शिवाय वजन कमी, त्यामुळे वेग पटकन घेई.

उणी बाजू दारूगोळ्याची. ३० मिलिमीटरच्या दोन एडन तोफा, प्रत्येकी ११५ गोळे. मिनिटाला सुमारे १२०० च्या गतीने ते सहा सेकंदांत संपतात! म्हणून अर्ध्या-एक सेकंदाचे झटके द्यायचे, तेही अगदी जवळ गेल्यावर. सेबरच्या सहा मशीनगनच्या गोळ्या लहान, पण पुरत जास्त वेळ. सेखों यांचे जोडीदार वैमानिक घुम्मन उड्डाणानंतर लगेच नजरेआड झाले, त्यामुळे मागे कोण येतंय हे सांगणारं कोणी उरलं नाही. तरी परमवीर चक्राच्या प्रशस्तिपत्रानुसार सेखों यांनी दोन सेबरना इजा पोचवली. झुंज चालली झाडांच्या शेंड्यांइतक्या उंचीवर.

प्रश्न : प्रशस्तिपत्रात काश्मीरच्या थंडीचा उल्लेख कशासाठी?

उत्तर : १९४८ सालच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे युद्ध सुरू होईपर्यंत श्रीनगरला हवाई संरक्षणाची विमानं ठेवत नसत. साहजिकच वैमानिकांना तिथल्या डोंगररांगा, उंची आणि बोचरे वारे नवखे होते. खरं तर थंड हवा दाट असते, इंजिनाला ती मानवते. त्रास होतो तो माणसाला.

प्रश्न : झुंजीत विमान पडताना सेखों यांनी उडी का घेतली नाही?

उत्तर : प्रयत्न केला असावा. कॉकपिटवरचं काचेचं झाकण उडताना दिसलं होतं. पण इतक्या खाली पॅराशूट उघडायला जागाच उरत नाही, आणि विमान उलटं झालेलं असेल तर वैमानिकासह बाहेर उडणारं आसन त्याला थेट जमिनीकडेच फेकतं. अवशेष एका घळीत सापडले, सेखों यांचा देह मात्र मिळाला नाही.

प्रश्न : परमवीर चक्राची रचना मराठी बाईंची, हे खरं का?

उत्तर : सासर मराठी. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या सावित्रीबाई खानोलकरांनी ते रेखाटलं. काशाचं चक्र, त्यावर इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिमा, जांभळी फीत. वायुदलाच्या वाट्याला ते आजवर एकदाच आलं, सेखों यांना, मरणोत्तर.