शिकागोत मत नाही, तरी महापौर निवडणुकीकडे लक्ष का द्यायचं

तुम्ही विचारलंय, एच-१बी व्हिसावर पुण्याहून शिकागोला येतोय, मुलगी पहिलीत जाईल, २०२७ च्या फेब्रुवारीत तिथे महापौराची निवडणूक आहे. आपल्याला मतच नाही तर तिकडे लक्ष कशाला द्यायचं?

द्या. पुण्याच्या महापौरावरून तिथल्या पदाचा अंदाज बांधू नका. आपल्याकडे नगरसेवक महापौर निवडतात आणि कारभार आयुक्त हाकतात. शिकागोत महापौराला लोक थेट निवडतात, आणि बजेट मांडण्यापासून खात्यांचे प्रमुख नेमण्यापर्यंतची सूत्रं त्याच्याकडे असतात. १९७९ च्या जानेवारीत प्रचंड बर्फ पडला, रस्ते वेळेत मोकळे झाले नाहीत, आणि दीड महिन्यात तेव्हाचे महापौर मायकेल बिलांडिक यांची पक्षाची उमेदवारीच जेन बर्न यांनी हिसकावली.

मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. १९९९ पासून ही पद्धत आहे. तसेही बहुतेक उमेदवार डेमोक्रॅटच असतात, त्यामुळे कोण कुठे उभा आहे हे त्याच्यामागे कोण आहे त्यावरून ओळखायचं. २०२३ मध्ये नऊ जण रिंगणात होते. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच मिळाली नाहीत, तेव्हाच्या महापौर लोरी लाइटफूट तिसऱ्या आल्या. मग ४ एप्रिलला पहिल्या दोघांत दुसरी फेरी झाली: पोलीस युनियनचा पाठिंबा असलेले पॉल व्हॅलस आणि शिक्षक युनियनचे ब्रँडन जॉन्सन. जॉन्सन थोडक्यात जिंकले. माझ्या मते टीव्हीवरच्या जाहिरातींपेक्षा युनियनचा पाठिंबा बघणं जास्त उपयोगाचं.

वॉर्डाचा ऑल्डरमन, म्हणजे आपला नगरसेवक, हाही बघा. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये जॉन्सन यांनी मांडलेली ३० कोटी डॉलरची मालमत्ता कर वाढ या ऑल्डरमनांच्या सभागृहाने ५० विरुद्ध शून्य मतांनी फेटाळली. भाड्याने राहिलात तरी हा कर घरमालक भाड्यातूनच वसूल करतो. नेपरव्हिल किंवा शॉम्बर्ग अशा उपनगरात घर घेतलंत, जिथे आपली बरीच मराठी कुटुंबं आहेत, तर यातलं काहीच लागू नाही. त्या वेगळ्या नगरपालिका, त्यांचे महापौर वेगळे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना खिडकीवर मतदार नोंदणीबद्दल विचारतात. मागे रांग असते, माणूस घाईत असतो, आपण सवयीने 'येस, येस' म्हणत जातो. तिथे थांबा. स्पष्ट 'नो' म्हणा आणि सही करण्याआधी नागरिकत्वाचा रकाना स्वतः वाचा. नागरिक नसताना नागरिक असल्याचं लिहून दिलं तर पुढे ग्रीन कार्डाचा रस्ता कायमचा बंद होऊ शकतो. उमेदवाराला देणगीही देऊ नका. ग्रीन कार्ड मिळेपर्यंत कायद्याने बंदी आहे.

पण एका ठिकाणी तुम्हाला मत आहे, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. शहरातल्या बहुतेक सरकारी शाळांत लोकल स्कूल कौन्सिल असते. मुख्याध्यापक निवडणं आणि शाळेचं बजेट मंजूर करणं तिच्या हातात. पालक म्हणून तुम्ही तिथे मत देऊ शकता, उभेही राहू शकता, नागरिकत्वाची अट नाही. सम वर्षी निवडणूक होते. चार्टर शाळांना, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र संस्था चालवतात अशा शाळांना, हे लागू नाही, म्हणून शाळा ठरवतानाच विचारून घ्या. सभा सगळ्यांना खुल्या असतात. मुलीचं नाव घातल्यावर ऑफिसातून पुढच्या सभेची तारीख मागा.