थय काय नाय

प्रिय रेवा,

परवा ट्राममध्ये तू विचारलंस, "आई, त्या पुण्याच्या काकूंना तू खोटं का सांगितलंस? आपल्याकडे असंच करतात का?" मी 'खोटं नव्हतं गं ते' असं काहीतरी पुटपुटले, तेवढ्यात आपला स्टॉप आला आणि मी सुटले. पण लागलं मला. त्यातही 'आपल्याकडे' जास्त लागलं. एरवी तू 'तुमच्याकडे' म्हणतेस, तेव्हाही लागतं, तो भाग वेगळा.

नाताळची सुटी, मालवणात मामाचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, पाठीमागे माडांना पाणी लावलेलं. फिरायला आलेल्या त्या काकू हातात फोन घेऊन उभ्या होत्या. तारकर्ली झालं, देवबाग झालं, सुनामी आयलंडवर तर पाय ठेवायला जागा नव्हती म्हणाल्या. "इथे जवळपास शांत असं काही आहे का हो?" आणि मी समुद्राकडे जाणाऱ्या त्या पाणंदीकडे पाठ करून सांगितलं, "छे हो, त्या बाजूला काही नाही. नुसते खडक." तू आदल्या संध्याकाळी तिथूनच गुडघे सोलून आली होतीस. माझ्याकडे कसं बघितलंस ते मला दिसलं होतं.

हे वाक्य माझं नाही. माझ्या आजीचं, म्हणजे तुझ्या पणजीचं. "थय काय नाय, नुसती खडपां." आमच्या लहानपणी मालवणात कुणी कुणाला सरळ उत्तर देत नसे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून आलेल्याला विचारावं, काय गावला? "काय नाय, कालवणापुरता." आणि मागून बायका डोक्यावर बांगडा मासळीच्या टोपल्या घेऊन येताना दिसायच्या. त्याला कुणी खोटं म्हणत नव्हतं. विचारणाऱ्यालाही ठाऊक असायचं. नजर लागू नये म्हणून असेल, किंवा फुशारकी नको म्हणून. मला आजी कारण सांगत बसली नाही, मीही विचारलं नाही. तू विचारतेस, हे बरंच आहे. (वैताग येतो, पण बरं आहे.)

आजी कालवं काढायला त्याच खडपांवर जायची. परकराचा काचा मारलेला, कमरेला पिशवी, हातात धार गेलेली कोयती. ओल्या खडकाला चिकटलेलं कालव तू पाहिलंस ना, दगडाचाच टवका वाटतो. ती कोयतीच्या टोकाने एकच टोला द्यायची, वरचं शिंपलं उडायचं आणि आत राखाडी, थरथरणारं मांस. ते बोटाने उचलून पिशवीत. मी तसा टोला मारायला गेले की शिंपल्याचा चुरा आणि बोटाला कापा. पुढच्या कालवाकडे जाताना ती मागच्या खडकावर चारदोन तशीच ठेवायची. "पुढच्या अवसेक येवचा आसा ना," म्हणायची, म्हणजे पुढच्या अमावास्येला.

घड्याळ तिच्याकडे नव्हतं. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. पंचमी असली की पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला समुद्र पुरा भरणार. तिथून साधारण सहा तासांनी सुकती, म्हणजे पुरी ओहोटी. मी गणितात कच्ची, पण पाऊणकीचा पाढा मला शाळेच्या आधी आला तो असा. तुझ्या फोनवर डब्लिनच्या भरतीच्या वेळा दिसतात, तशा तिला पंचांगात दिसायच्या.

मी आणि सिंधुदुर्ग जिल्हा एकाच वर्षाचे, १९८१ चे. मी सोळा वर्षांची झाले तेव्हा, १९९७ मध्ये, आमचा जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढच्या वर्षी कोकण रेल्वे पुरी सुरू झाली आणि बाजारपेठेत ओळखीची नसलेली माणसं दिसायला लागली. असंच एक नवरा-बायकोचं जोडपं मला मालवणातल्या भरड भागात भेटलं. शांत जागा हवी म्हणाले. मला काय तो आनंद! मी त्यांना पाणंदीच्या तोंडापर्यंत नेऊन सोडलं. दोन तासांनी दोघं कमरेपर्यंत भिजून आमच्या खळ्यात. भरती चढली, खडपांवरून परतायची वाट बुडली, चपला गेल्या, बाई रडत होती. आजीने चहा दिला, आपलं जुनं लुगडं दिलं. ते गेल्यावर मला वाटलं, आता बोलणी बसणार, वाट का दाखवलीस म्हणून. तर म्हणाली, "वाट दाखवलंस ता बरा केलंस. येळ कोण सांगतलो?"

आता इथे मला सोपं होतं बघ. तुला सांगता आलं असतं की काकूंच्या काळजीपोटी मी 'काही नाही' म्हणाले. ट्रामनंतर दोन दिवस मी मनात हेच घोळवत होते. पण खरं ते नाही. वर्षातून दहा दिवस मिळतात. त्यातली एक संध्याकाळ त्या डबक्यात पाय सोडून बसायला मिळते, जिथे ओहोटीला मागे राहिलेलं पाणी उन्हाने कोमट झालेलं असतं. तिथे कुणी काठीला फोन लावून उभं असावं, असं मला वाटत नाही. एवढंच.

आणि दुसऱ्या दिवशीचं तर तुला माहीत आहे. त्याच काकू ओल्या सलवारीने खळ्यात, चेहरा फुललेला. "अहो ताई, तुम्ही म्हणालात काही नाही! किती सुंदर आहे!" मामाने पाठवलं होतं त्यांना. सोबत ओंकारदादाला दिलं होतं, आणि किती वाजता परतायचं तेही सांगून ठेवलं होतं. मी मामाला स्वयंपाकघरात गाठलं. तो म्हणाला, "तू वर्साक धा दिस येतंस. त्येंच्या येण्यार माझा घर चलता. येळ सांगून धाडलंय त्येंका." मग सोलकढीला फोडणी कुणी घातली म्हणून मामीवर चिडला. विषय संपला. जो तिथे राहतो तो वाट दाखवतो आणि जी सोडून गेली ती राखण करत बसते, याचं मला त्या रात्री हसू आलं नाही.

तरी पण. धामापूरच्या तळ्याची गोष्ट तुला भगवतीच्या देवळाच्या पायरीवर सांगितली होती, ती अर्धीच राहिली, कारण तुला मासे दिसले. १५३० मध्ये बांधलेलं तळं, अजून शेतीला पाणी देतं. म्हणतात की पूर्वी लग्नघरातली माणसं फुलांचे दागिने परडीत घालून तळ्यात सोडायची. परडी बुडायची आणि वर यायची तेव्हा दागिने सोन्याचे असायचे. लग्न झालं की परत करायचे. एकाने केले नाहीत. तेव्हापासून परडी वर येत नाही. लहानपणी मला त्या माणसाचा फार राग यायचा. आता वाटतं, त्याच्या आधी किती जणांनी गुपचूप परत केले असतील, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही.

तू म्हणालीस की पुढच्या वेळी तुझ्या मैत्रिणीला, ईफाला, घेऊन जायचंय आणि तिला 'खरं मालवण' दाखवायचंय. खरं-खोटं मी सांगणार नाही. पण सिंधुदुर्ग किल्ल्यात गेलात तर होडीवाला तासाभराची मुदत देतो. सगळे शिवराजेश्वराचं दर्शन घेतात, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी बघतात, भर समुद्रात गोडं पाणी म्हणून चकित होतात आणि परत फिरतात. तुम्ही आधी तटाच्या पश्चिमेला 'राणीची वेळा' म्हणतात त्या किनाऱ्याकडे जा. तटातल्या दिंडीतून उतरलं की इवलीशी पुळण आहे, सकाळी तिथे बहुधा लाटाच असतात. दांडीच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. किल्ल्याची पायाभरणी करताना महाराजांनी तिथे पूजा केली असं आम्ही ऐकत आलो. गणपती, चंद्र, सूर्य दगडात कोरलेत. सगळे सूर्यास्ताला रॉक गार्डनवर जातात, म्हणून त्या वेळी तो धोंडा मोकळा असतो. आणि सर्जेकोटाकडून होडीने तळाशीलला जा. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये चिंचोळी जमीन आणि माड. मला तिथे रात्री झोप लागत नाही, दोन्हीकडून पाणी बोलतं. तुला लागेल कदाचित.

यातलं काही करायलाच हवं असं नाही. ईफाला बनाना राइडवर बसायचं असेल तर खुशाल बसा, मीही एकदा बसलेय, तुझ्या बाबांना सांगू नकोस.

त्या खडपांचं नाव मात्र मी इथेही लिहिलेलं नाही, तुझ्या लक्षात आलंच असेल. तिला तिथे न्यायचं असेल तर मामाला विचार, वेळही तोच सांगेल. मला विचारू नकोस. मी काय सांगेन ते तुला माहीत आहे.

तुझी,
आई