सिझरनंतर लघवी गळत राहिली, निदान सात महिन्यांनी झालं : दावा कशावर उभा करायचा?

प्रश्न : माझं दुसरं सिझर खासगी रुग्णालयात झालं, त्याला आता २२ महिने झालेत. बाराव्या दिवसापासून लघवी गळायला लागली. लघवीला नेहमीसारखी होत होती, तरी कपडे दिवसरात्र ओले. चार वेळा दाखवलं. दर वेळी 'बाळंतपणानंतर होतं असं, व्यायाम करा' एवढंच सांगितलं. सातव्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन केला. डाव्या मूत्रवाहिनीला (मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी नेणाऱ्या नळीला) इजा होऊन ती योनीमार्गात गळत होती. ऑपरेशन करून मूत्रवाहिनी मूत्राशयाला पुन्हा जोडावी लागली. पहिलं रुग्णालय म्हणतं, संमतीपत्रावर तुमची सही आहे. सिझरचं बिल परत द्यायला तयार आहेत, पण 'पूर्ण व अंतिम' असं लिहिलेल्या कागदावर सही मागतात. काय करू?

उत्तर : त्या कागदावर सही करू नका. 'पूर्ण व अंतिम' या शब्दांचा अर्थ, यापुढे काहीही मागणार नाही असा होतो, आणि तुमचं नुकसान किती आहे हे अजून तुम्हालाच पुरतं माहीत नाही. मूत्रवाहिनी काही महिने गळत किंवा आवळलेली राहिली, तर वरचं मूत्रपिंड दुखल्याशिवायही निकामी होत जाऊ शकतं. डाव्या मूत्रपिंडाचं काम किती टक्के उरलंय हे डीटीपीए स्कॅनमध्ये दिसतं. ऑपरेशननंतर तो झाला नसेल तर आधी करून घ्या. तब्येतीसाठी तो हवाच, आणि भरपाईचा आकडाही त्याच्यावर ठरेल.

आता मुदत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. तुमच्या मनात येईल की निदान सातव्या महिन्यात झालं, म्हणजे अजून भरपूर वेळ आहे. त्यावर विसंबू नका. व्ही. एन. श्रीखंडे विरुद्ध अनिता सेना फर्नांडिस या २०१०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की इजा लपलेली असेल तर ती कळल्यापासून, किंवा नेटाने शोध घेतला असता कळली असती तेव्हापासून मुदत मोजायची. पण परिणाम उघड दिसत असेल तर कृतीच्या दिवसापासून. त्या प्रकरणात पोटात कापड राहिलं होतं, तरी बाईंनी नऊ वर्षं दुखणं सोसून चौकशी न केल्यामुळे तक्रार मुदतबाह्य ठरली. तुमची गळती बाराव्या दिवसापासून उघड होती, हा मुद्दा समोरचा वकील काढणारच. म्हणून सिझरच्या तारखेपासून २ वर्षं धरा आणि त्याच्या आत दाखल करा. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण हातात दोन महिने असताना त्या वाटेला जाऊच नका.

खरा प्रश्न दावा कशावर उभा करायचा हा आहे. 'सिझर करताना मूत्रवाहिनी दुखावली' एवढ्यावर तो टिकणं अवघड. मूत्रवाहिनी गर्भाशयाच्या मुखाजवळून, गर्भाशयाच्या रोहिणीच्या खालून जाते. दुसऱ्या सिझरमध्ये जुन्या टाक्यांमुळे भाग चिकटलेला असतो. गर्भाशयावरचा छेद बाजूला फाटत गेला आणि रक्तस्राव थांबवायला घाईने टाके घालावे लागले, तर एखाद्या टाक्यात मूत्रवाहिनी सापडू शकते. काळजी घेणाऱ्या डॉक्टरच्या हातूनही क्वचित असं होतं. अडकलेला भाग हळूहळू मरतो आणि मग गळती सुरू होते, म्हणून तुम्हाला पहिले काही दिवस काही जाणवलं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू (२००५) निकालापासून वैद्यकीय निष्काळजीपणाची कसोटी ठरलेली आहे : सामान्य कुशल डॉक्टरने त्या प्रसंगी जेवढी काळजी घेतली असती तेवढी घेतली का?

या कसोटीवर पुढचे सात महिने त्यांना फार जड जातील. बाळंतपणानंतर स्नायू सैल पडून होणारी गळती खोकताना, शिंकताना, वजन उचलताना होते. मूत्राशय तुंबून होणाऱ्या गळतीत लघवी नीट होत नाही. लघवी नेहमीसारखी होते आणि तरीही सतत ओलं राहतं, तेव्हा एका बाजूची मूत्रवाहिनी बाहेर गळतेय ही शंका यायलाच हवी. रंग घालून मूत्राशयाची तपासणी, सोनोग्राफी, मग सीटी : एवढ्यात निदान होतं. चार भेटींत यातलं काहीच झालं नाही. तक्रारीत हाच मुख्य मुद्दा ठेवा. सिझरमधली चूक दुय्यम म्हणून मांडा.

त्यासाठी कागद लागतील. रुग्णालयाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमावलीनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायच्या असतात आणि मागणी केल्यापासून ७२ तासांत द्यायच्या असतात. नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन परत येऊ नका. ऑपरेशन नोट, भुलेची नोंद, नर्सिंग चार्ट, संमतीपत्र आणि चारही भेटींचे ओपीडी पेपर नावानिशी मागा. ऑपरेशन नोटमध्ये 'छेद वाढला', 'मूत्राशय चिकटलेलं', 'जादा टाके' असं काही आहे का, आणि नर्सिंग चार्टमध्ये पिशवीतली लघवी लाल होती का, हे आधी बघा. असेल तर त्यांना पहिल्या दिवसापासून सावध राहायला कारण होतं. भेटींचे पेपर मिळालेच नाहीत तर मेसेज, औषधाच्या चिठ्ठ्या, पावत्या आणि सोबत आलेल्या माणसाचं शपथपत्र लावा.

दुसऱ्या डॉक्टरांकडून लेखी मत घ्या : इजा कुठल्या पातळीवर होती, ऑपरेशनमध्ये काय सापडलं, आणि लवकर निदान झालं असतं तर आत नळी टाकून भागलं असतं का. सर्वोच्च न्यायालयाच्याच व्ही. किशन राव (२०१०) निकालानुसार प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत सक्तीचं नाही, पण इथे ते नसेल तर तुमची बाजू लंगडी पडेल.

संमतीपत्राचं उत्तर सोपं आहे. धोक्याला दिलेली संमती ही निष्काळजीपणाला दिलेली संमती नसते. आणि इजा झाल्यावर ती शोधू नये, असं तर कुठल्याच फॉर्मवर लिहिलेलं नसतं.

तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. कुठला आयोग हे रुग्णालयाला दिलेल्या रकमेवर ठरतं. ती ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. रुग्णालय आणि डॉक्टर दोघांनाही सामनेवाले करा. आधी वकिलाची नोटीस पाठवायची पद्धत आहे, सक्ती नाही. पाठवलीत तर १५ दिवसांची द्या आणि उत्तराची वाट बघत मुदत घालवू नका. पोलिसांत जायचा सल्ला मी देणार नाही. तिथे निष्काळजीपणा अतिशय गंभीर असल्याचं दाखवावं लागतं आणि तुमचे मोलाचे आठवडे त्यात जातील.

नुकसानीत दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च, बुडालेला पगार, घरकामाला ठेवलेली मदत, पुढच्या तपासण्या आणि सात महिने लागलेले पॅड, सगळं धरा. पॅडबद्दल लिहायला संकोच वाटेल, तरी दिवसाला किती लागायचे हे लिहाच. तुम्ही काय सोसलंत हे आयोगाला त्या आकड्यावरून कळेल. बिल परत घ्यायचंच असेल तर 'पुढील हक्क अबाधित ठेवून' असं पावतीवर लिहून घ्या. त्याला ते तयार नसतील तर पैसे त्यांच्याकडेच राहू द्या.