जुन्या फ्लॅटमध्ये वाळवी निघाली. विक्रेत्यावर दावा करता येईल का?

प्रश्न: धंतोलीतील १९८६ साली बांधलेल्या अपार्टमेंटमधील तळमजल्यावरचा फ्लॅट आम्ही फेब्रुवारी २०२५ मध्ये विक्रीपत्र नोंदवून विकत घेतला. इसार देण्यापूर्वी, जानेवारीत, एका पेस्ट कंट्रोलवाल्याकडून पैसे देऊन तपासणी करून घेतली होती. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘वाळवी दिसत नाही’ एवढेच कळवले. जुलैत एका रात्री पंख असलेल्या किड्यांचा थवा निघाला आणि सकाळी हॉलमध्ये गळलेल्या पंखांचा खच पडला होता. सुताराने भिंतीवरचे प्लायचे पॅनेल काढले, तर मागे मातीच्या नळ्या होत्या, दोन चौकटी आतून पोकळ झाल्या होत्या आणि स्कर्टिंगलगत ओळीने पाडलेली भोके पांढऱ्या सिमेंटने बुजवलेली होती. विक्रेते म्हणतात, विक्रीपत्रात ‘मिळकत पाहून व तपासून घेतली आहे’ असे लिहिले आहे, आता आमचा संबंध नाही. आम्ही दुरुस्ती सुरू करावी का? व्यवहार रद्द होऊ शकतो का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: दुरुस्ती लगेच सुरू करू नका, ही माझी पहिली आणि कळकळीची विनंती आहे. घर पोखरले जात असताना थांबणे किती जड जाते, याची मला जाणीव आहे. परंतु आपला सगळा दावा ज्या भिंतीवर आणि ज्या भोकांवर उभा राहणार आहे, ती एकदा प्लास्टरखाली गेली की न्यायालयात केवळ आपला शब्द आणि विक्रेत्यांचा शब्द एवढेच उरते.

कायद्याची बाजू अशी आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५(१)(अ) नुसार, मिळकतीतील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत आहे, खरेदीदाराला माहीत नाही आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही खरेदीदाराला कळण्यासारखा नाही, तो उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. आणि तो उघड न करणे हे कपट समजले जाते, असे त्याच कलमाच्या शेवटी म्हटले आहे. विरुद्ध करार नसेल तरच हे बंधन लागू होते, आणि ‘पाहून व तपासून घेतली’ हे वाक्य तसा करार आहे, असा युक्तिवाद विक्रेते करतील. माझ्या मते तो टिकणे अवघड आहे, कारण डोळ्यांना दिसते ते पाहून घेतल्याची कबुली म्हणजे झाकून ठेवलेलेही स्वीकारल्याची कबुली नव्हे.

येथे भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील एक बारकावा आपल्या कामाचा आहे आणि तो नीट समजून घ्यावा. कलम १९ च्या अपवादाप्रमाणे, विक्रेता केवळ गप्प राहिला असेल आणि साधारण दक्षतेने खरेदीदाराला सत्य कळू शकत असेल, तर फसवणुकीच्या कारणावरून करार रद्द करता येत नाही. मात्र माहीत असलेली गोष्ट कृती करून लपवणे हा कलम १७ मधील कपटाचा वेगळा प्रकार आहे आणि त्याला हा अपवाद लागू नाही. म्हणून ते पॅनेल कोणी, केव्हा आणि कशासाठी बसवले, हा आपल्या प्रकरणातील मध्यवर्ती प्रश्न आहे. वाळवी झाकण्यासाठी बसवले असेल तर ते लपवणे आहे. दहा वर्षांपूर्वी ओल झाकण्यासाठी किंवा केवळ शोभेसाठी बसवले असेल, तर आपली बाजू बरीच दुबळी होते.

बुजवलेली भोके याहून अधिक बोलकी आहेत. बांधून झालेल्या इमारतीतील वाळवीविरोधी उपचारासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस ६३१३, भाग ३ हे मानक आहे. त्यानुसार फरशी आणि भिंत यांच्या सांध्यालगत सुमारे ३०० मिलिमीटर अंतराने १२ मिलिमीटर व्यासाची भोके पाडून त्यांतून औषध सोडतात व मग ती बंद करतात. आपल्याकडील भोकांतील अंतर आणि व्यास या मापांशी जुळत असतील, तर येथे पूर्वी वाळवीवर उपचार झाला होता, हे तज्ज्ञाला ठामपणे सांगता येईल. तो याच विक्रेत्यांच्या काळात झाला की त्यांच्याही आधीच्या मालकाच्या, हे मात्र भोके सांगत नाहीत. त्यासाठी मीटरच्या पेटीत, ट्रॉलीच्या आत किंवा माळ्यावर एखाद्या कंपनीचे सेवा-कार्ड अथवा स्टिकर आहे का ते शोधा, शेजाऱ्यांना विचारा आणि पॅनेल बसवणाऱ्या सुताराचा माग काढा.

पुराव्यासाठी विक्रेत्यांना वकिलामार्फत पोच मिळेल अशा टपालाने नोटीस पाठवून, ठरलेल्या दिवशी पाहणीस हजर राहण्यास सांगा. ते आले नाहीत तरी स्थापत्य अभियंता आणि परवानाधारक पेस्ट कंट्रोल चालक यांच्याकडून स्वतंत्र, सहीचे लेखी अहवाल घ्या. हा परवाना कीटकनाशके अधिनियम, १९६८ खाली मिळतो. त्याची प्रत अहवालासोबत जोडून घ्या. छायाचित्रांत मोजपट्टी दिसू द्या, मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा आणि काढलेले प्लाय व चौकटीचे तुकडे फेकू नका. दावा दाखल करताना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम ९ खाली न्यायालयाचा आयुक्त, म्हणजे जागेची पाहणी करून न्यायालयाला अहवाल देणारी व्यक्ती, नेमण्याचा अर्जही त्याच दिवशी करता येतो. ही पाहणी नोंदवली गेली की उपचार सुरू करण्यास माझी हरकत नाही, किंबहुना तेव्हा विलंब करू नये; आपणच नुकसान वाढू दिले, असे म्हणण्याची संधी समोरच्यांना मिळता कामा नये.

आता व्यवहार रद्द करण्याविषयी. कपट सिद्ध झाल्यास तो रद्द होऊ शकतो, पण मी आपणास नुकसानभरपाईचा मार्ग सुचवीन. नोंदणीकृत विक्रीपत्र रद्द करून घेण्याचा दावा अनेक वर्षे चालतो, फ्लॅट जसाच्या तसा परत करावा लागतो आणि दोष कळल्यानंतरही आपण तेथे राहून त्यात मोठे फेरफार केले, तर आपण व्यवहार मान्य केल्याचा अर्थ निघू शकतो. भरपाईत उपचाराचा खर्च, चौकटी बदलण्याचा खर्च आणि त्या काळात भाड्याने राहावे लागल्यास ते भाडे मागता येते. मुदत कपट कळल्यापासून ३ वर्षे असली, तरी वाद नको म्हणून ती विक्रीपत्राच्या तारखेपासूनच मोजा आणि फेब्रुवारी २०२८ पूर्वी दावा दाखल करा. रेरा या स्थावर संपदा कायद्यातील बांधकाम-दोषाची ५ वर्षांची हमी प्रवर्तकाविरुद्ध, म्हणजे बिल्डरविरुद्ध, असते. खासगी मालकाकडून घेतलेल्या जुन्या फ्लॅटला ती लागू नाही.

तपासणी करणाऱ्याची जबाबदारी वेगळी आहे. त्याने पैसे घेऊन सेवा दिली, त्यामुळे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि तिची मुदत २ वर्षे आहे. तीही जानेवारी २०२५ पासून मोजणे सुरक्षित. पॅनेलमागचे दिसत नव्हते, असा बचाव तो घेईल. पण चौकट ठोकून पाहणे, टोच्याने लाकूड तपासणे आणि बंद पॅनेल असल्यास ‘या भागाची तपासणी करता आली नाही’ असे लिहून देणे एवढी अपेक्षा त्याच्याकडून नक्कीच होती. त्याचा तो एका ओळीचा संदेश जपून ठेवा, कारण खरेदीपूर्वी आपण सर्वसाधारण काळजी घेतली होती, याचा विक्रेत्यांविरुद्ध तोच पुरावा आहे. अशी तपासणी करून घेणाऱ्या इतर खरेदीदारांनी अहवाल लेखी, खोलीनिहाय मागावा आणि पूर्वी वाळवी किंवा तिच्यावरील उपचार झाला नसल्याचे विक्रेत्याचे स्पष्ट विधान इसारपत्रातच लिहून घ्यावे.

शेवटी, तळमजल्यावरची वाळवी बहुधा जमिनीतून येते. आपली इमारत महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खाली घोषित असेल, तर घोषणापत्रात वेगळे काही नसल्यास जमीन आणि पाया हे सामायिक क्षेत्र ठरते व तेथील उपचाराचा खर्च सर्व सदनिकाधारकांनी वाटून घ्यायचा असतो. त्यासाठी असोसिएशनच्या सचिवांना लेखी पत्र द्या आणि आपल्या फ्लॅटमध्ये किंवा इमारतीत यापूर्वी वाळवीचे औषध केव्हा मारले गेले, त्याच्या पावत्या व सभेच्या नोंदी त्याच पत्राने मागा. विक्रेत्यांना काय माहीत होते, याचा कागद कदाचित तेथेच सापडेल.