टाळू शिवली, तरी लेक हाकेला वळत नाही

ताई, तुम्ही लिहिलंय की लेकीची जन्मतः फाटलेली टाळू (तोंडातलं वरचं छत) ११व्या महिन्यात शिवली, नाकातून दूध येणं थांबलं, पण आता १५व्या महिन्यात लेक हाकेला कधी वळते, कधी नाही. सासूबाई म्हणतात, थाळी वाजवली की दचकते ना, मग झालं. आणि डॉक्टर मात्र कानात ग्रोमेट, म्हणजे इवलीशी नळी, बसवायचं म्हणतायत.

त्या थाळीपाशीच आम्हीही फसलो होतो. माझा मुलगा टाळू फाटलेलाच जन्मला, आता १० वर्षांचा आहे. कुकरच्या शिट्टीला रडायचा, म्हणून आम्ही वर्षभर निर्धास्त! या मुलांना ठार बहिरेपण क्वचित असतं. असते ती साधारण २० ते ४० डेसिबलची घट, कानात बोळे घालून बसल्यासारखी. थाळी, शिट्टी, कुत्र्याचं भुंकणं पोचतं. 'स', 'फ', 'थ' आणि पाठमोऱ्या आईचं बोलणं निसटतं. सर्दी झाली की आणखी कमी, म्हणून 'कधी वळते, कधी नाही'.

याचं मूळ टाळूतच आहे. आवंढा गिळला की कानात 'टक्' होतं ना, ती कानापासून नाकाच्या मागच्या बाजूला येणारी नळी उघडल्याची खूण. ती उघडणारा स्नायू टाळूत असतो. टाळू फाटलेली असली की त्याला नीट ओढ मिळत नाही, कानाच्या पडद्यामागे हवा पोचत नाही आणि तिथे पाणी साठून हळूहळू गोंदासारखं चिकट होतं. टाळू शिवण्याआधी जवळजवळ प्रत्येक बाळाला हे असतं. (नुसता ओठ फाटलेला असेल तर सहसा नाही.) ना ताप, ना रडणं, ना कान वाहणं, मग घरात कळणार कसं? ऑपरेशनमध्ये स्नायू जुळवतात, पण नळी लगेच सुधारत नाही. बऱ्याच मुलांना त्यात वर्षं जातात.

तेव्हा आधी टिम्पॅनोमेट्री (कानाचा पडदा नीट हलतो का ते बघणारी तपासणी) आणि बेरा (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी) करून घ्या. टिम्पॅनोमेट्रीत रेघ सपाट आली तर पडद्यामागे बहुधा पाणी आहे. बेरा बाळ झोपेत असताना करतात. आम्ही आदल्या रात्री १२ पर्यंत पोराला जागवलं होतं, तरी गाडीतच झोपून घेऊन तिथे टक्क जागा! दुसऱ्यांदा जावं लागलं.

ग्रोमेट म्हणजे पडद्यात बसवायची इवलीशी नळी. भूल देऊन थोड्या वेळात होतं आणि बहुतेकदा ६ ते १२ महिन्यांत ती आपोआप पडते. प्रत्येक बाळाला बसवावी का, यावर डॉक्टरांचीच दोन मतं आहेत, कारण कान वाहू शकतो, कधी पडद्याला भोक राहतं. काही जण तोवर श्रवणयंत्र देतात. माझं विचाराल तर दोन्ही कानांत पाणी तीन महिने हटत नसेल आणि ऐकणं घटल्याचं बेरात दिसत असेल, तर मी थांबणार नाही. आमच्या मुलाला दोनदा बसवली.

सासूबाईंना एक मात्र ठामपणे सांगा: कानात तेल नाही, ग्रोमेट असो वा नसो. धुरीही नको, धुराने हा त्रास वाढतो.

पुढे बोलणं अस्पष्ट राहिलं तर सगळे टाळूलाच दोष देतील. स्पीच थेरपी सुरू करण्याआधी ताजी ऐकण्याची तपासणी हवीच. आणि मोठेपणी कधीही कानातून घाण वासाचा स्राव आला तर त्याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे जा. आत हाड कुरतडणारा कोलेस्टिएटोमा असू शकतो, आणि त्याचा धोका या मुलांना इतरांपेक्षा जास्त.

खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फाटलेली टाळू आणि श्रवणदोष दोन्ही येतात. अंगणवाडीत तपासायला येणाऱ्या पथकाला विचारा, ते जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात.

बेराचा रिपोर्ट आला की नाव झाकून दोन्ही कानांचे आकडे इथे टाका. आणि हो, तोवर हाक मारताना समोर, तिच्या उंचीला बसून मारा.